काल रात्रीची दारू, आज सकाळची गाडी आणि खिशातला ब्रेथ ॲनालायझर

प्रश्न असा आहे: रात्री साडेबारापर्यंत पिणं झालं. सकाळी आठला गाडी काढायची होती. स्वतःसाठी घेतलेल्या छोट्या ब्रेथ ॲनालायझरवर आधी ०.०२ आलं, पाच मिनिटांनी ०.००, आणि पुन्हा फुंकल्यावर ०.०१. यातलं खरं कोणतं? मर्यादा ०.०३ असेल तर तिन्ही वेळा आपण आतच आहोत, मग निघायला काय हरकत आहे?

आधी सरळ उत्तर देतो. तिन्हींपैकी सगळ्यात मोठा आकडा खरा धरायचा आणि पुढचे तीन तास तरी चावी हातात घ्यायची नाही. आता कारणं. मी बरीच वर्षं या यंत्रांचं कॅलिब्रेशन करतो, म्हणजे त्यांचा आकडा तपासून दुरुस्त करतो, आणि वाहनचालकांची कामावर चढण्याआधी जी श्वासचाचणी होते ती घेणाऱ्यांना शिकवतो. त्या अनुभवातून माझं मत असं झालंय की घरगुती ब्रेथ ॲनालायझर "आज गाडी चालवू नका" हे खात्रीनं सांगू शकतो. "चालवा" हे सांगण्याची त्याची कुवत नाही. लोक मात्र तो नेमका दुसऱ्याच कामासाठी विकत घेतात.

सुरुवात यंत्रापासून नको, यकृतापासून करू. पोटात गेलेल्या अल्कोहोलपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतातच जळतो. श्वास, घाम आणि लघवीवाटे जातो तो अगदी थोडा. आणि यकृताचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. एकच खिडकी उघडी असलेल्या काऊंटरसमोर रांग कितीही लांब झाली तरी आतला माणूस आपल्याच गतीनं काम करतो, तसंच. रक्तातलं प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर (यंत्राच्या आकड्यांत ०.०१५) या दरानं उतरतं. पण हा १५ चा आकडा सरासरी आहे. प्रत्यक्षात कुणाचं १० नं उतरतं, कुणाचं २० नं, आणि रोज भरपूर पिणाऱ्यांचं २५ किंवा त्याहूनही वेगानं. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, सकाळची धाव, लिंबूपाणी यांनी हा दर हलत नाही. माणूस जागा होतो, इतकंच. उलटीचाही उपयोग नाही, कारण सकाळपर्यंत सगळं पोटातून रक्तात केव्हाच गेलेलं असतं. आणि झोपेत हे काम जास्त जोरात चालतं असंही नाही. "चांगली सहा तास झोप झाली, उतरली असणार" या वाक्यात मोजायचे असतात ते फक्त सहा तास, झोप नाही.

एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडलेला हिशोब आजही न्यायवैद्यक तज्ज्ञ वापरतात. तो घरी करता येतो, म्हणून एकदा करून दाखवतो. ७० किलो वजनाच्या पुरुषानं ४० टक्के अल्कोहोल असलेली व्हिस्की २४० मिलिलिटर घेतली. त्यात शुद्ध अल्कोहोल झालं सुमारे ७६ ग्रॅम (२४० गुणिले ०.४० गुणिले ०.७९). पुरुषाच्या शरीरात ते वजनाच्या साधारण ०.६८ पट भागात पसरतं, म्हणजे ४७.६ किलोत. भागाकार केला की रक्तातलं प्रमाण येतं सुमारे १६०. पिणं रात्री नऊला सुरू झालं असेल तर सकाळी सातपर्यंत दहा तास होतात. ताशी १५ धरले तर उरले १०. ताशी २० धरले तर शून्य. आणि ताशी १० धरले तर उरले ६०! माणूस तोच, बाटली तीच, घड्याळही तेच. पण एकाचं यकृत त्याला मोकळा सोडतं आणि दुसऱ्याला बहुतेक देशांच्या कायद्यात अडकवतं. आपलं यकृत यातलं कुठलं, हे चेहऱ्यावरून कळत नाही आणि "मला चढत नाही" या अभिमानावरून तर अजिबात नाही.

स्त्रियांसाठी तो पसरण्याचा गुणक सरासरी ०.५५ च्या आसपास येतो, कारण शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेनं कमी असतं. ५५ किलोच्या बाईनं तीच व्हिस्की १५० मिलिलिटर घेतली तरी रक्तातलं प्रमाण वरच्या पुरुषाइतकंच, १६० च्या जवळ जातं. जोडप्यातल्या दोघांनी "सारखीच घेतली" म्हणून दोघांची सकाळ सारखी नसते.

या हिशोबात लोक एक ठरलेली गल्लत करतात. शेवटचा ग्लास संपला की त्याच क्षणापासून प्रमाण उतरायला लागतं असं धरून चालतात. तसं होत नाही. शेवटचं पेय रक्तात पूर्ण मिसळायला अर्धा ते दीड तास लागतो, पोट भरलेलं असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून झोपण्याआधी फुंकून आलेला आकडा घ्यायचा आणि त्यातून तासाला १५ वजा करत सकाळचं गणित मांडायचं, हा उद्योग फसवा आहे. तो आकडा चढणीवरचा असू शकतो. शिखर तुम्ही पांघरूण घेतल्यानंतर येतं.

आता यंत्राकडे येऊ. रक्त फुप्फुसांतून जाताना त्यातलं थोडं अल्कोहोल वायुकोशांतल्या हवेत उतरतं. त्या खोलवरच्या हवेत किती आहे ते मोजून यंत्र रक्तातलं प्रमाण अंदाजानं काढतं. रक्तातलं प्रमाण श्वासातल्याच्या किती पट धरायचं, याचं एक ठरीव गुणोत्तर त्यासाठी यंत्रात भरलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ते २१०० ला १ असतं, ब्रिटनच्या कायद्यामागे सुमारे २३०० ला १. खऱ्या माणसांत हे गुणोत्तर व्यक्तीगणिक बदलतं, आणि पिणं थांबून बरेच तास झाल्यावर ते सरासरी २३०० च्या आसपास किंवा वर असतं. याचा अर्थ असा की २१०० वर बसवलेलं यंत्र सकाळच्या वेळी रक्तातल्या प्रमाणापेक्षा साधारण दहा टक्के कमीच दाखवण्याची शक्यता जास्त. नेमकी तुम्हाला गाडी काढायची असते तेव्हाच यंत्र तुमच्या बाजूनं झुकलेलं असतं. हा काही यंत्राचा दोष नाही. कायदा करणाऱ्यांनी संशयाचा फायदा चालकाला द्यायचा ठरवलं, त्याचा हा परिणाम. स्वतःची सुरक्षितता तपासणाऱ्यानं मात्र तो फायदा घेऊ नये.

फुंकण्याच्या पद्धतीनं आकडा किती हलतो हे प्रशिक्षणात दाखवलं की लोकांना आश्चर्य वाटतं. तोंड, घसा आणि श्वासनलिका मिळून साधारण १५० मिलिलिटर हवा अशी असते की जिचा रक्ताशी संबंधच आलेला नसतो. हलकी, छोटी फुंकर मारली तर यंत्राला मुख्यतः तीच हवा मिळते आणि आकडा कमी येतो. फुंकण्याआधी जोरजोरात श्वास घेत-सोडत राहिलं तर आकडा सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. उलट अर्धा मिनिट श्वास रोखून मग फुंकलं तर पंधरा टक्क्यांच्या आसपास चढतो. म्हणून नेहमीसारखा एक श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि यंत्र थांबायला सांगेपर्यंत, म्हणजे चार-सहा सेकंद, एका दमात सलग फुंकायचं. यंत्रात फुंकेचा दाब किंवा हवेची मात्रा तपासणारी सोय असेल तर अपुरी फुंकर ते नाकारतं. ती सोय नसलेलं यंत्र घेऊच नये.

तुमच्या तीन आकड्यांचा उलगडा बहुधा इथंच आहे. पाच मिनिटांत रक्तातलं प्रमाण फार तर एक-दोन मिलिग्रॅमनं उतरतं, म्हणजे ०.०२ चं ०.०० होण्याइतकं काही शरीरात घडलेलं नाही. एक तर दुसरी फुंकर अर्धवट पडली, किंवा सेन्सर पहिल्या चाचणीतून सावरला नव्हता. तिसरी शक्यता अशी की पहिल्या आकड्यात तोंडातल्या अल्कोहोलची भर होती. सकाळी उठून माउथवॉशनं चूळ भरली असेल तर तसं होतं, कारण अनेक माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. तोंडाचा फवारा, काही खोकल्याची औषधं, काही दम्याचे पंप आणि हातावर नुकतंच चोळलेलं सॅनिटायझर यांचाही तोच परिणाम. यंत्र हातात धरलेलं आणि हात सॅनिटायझरनं ओला, मग आकडा वर गेला म्हणून गोंधळलेले कितीतरी जण मी पाहिलेत. उपाय साधा आहे: शेवटचं काहीही तोंडात घेतल्यावर किंवा ढेकर आल्यावर १५ ते २० मिनिटं थांबायचं. साध्या पाण्यानं चूळ भरा, हात साबणानं धुवा, गाडीबाहेर मोकळ्या हवेत या आणि मग फुंका. दोन चाचण्यांत यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेलं अंतर ठेवा. आणि तरीही आकडे वेगवेगळे आले तर मोठा घ्या. मनासारखा आकडा येईपर्यंत फुंकत राहणाऱ्याला तो कधी ना कधी मिळतोच.

सेन्सर दोन जातींचे. स्वस्तातल्या यंत्रांत अर्धवाहक सेन्सर असतो, टिन ऑक्साइडचा. तो अल्कोहोल ओळखतो, तसाच सिगारेटचा धूर, अत्तर आणि श्वासातला ॲसिटोनही ओळखतो. उपवास करणाऱ्यांच्या, अत्यंत कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांच्या किंवा नियंत्रणाबाहेरचा मधुमेह असलेल्यांच्या श्वासात ॲसिटोन वाढतं, आणि न पिताही यंत्र काहीतरी दाखवतं. तेवढंच असतं तर चाललं असतं, चूक सुरक्षित बाजूला झाली. पण हा सेन्सर तापमान, दमटपणा आणि वय यांच्याबरोबर दोन्ही दिशांना भरकटतो, आणि ०.०५ च्या खालच्या आकड्यांत त्याच्यावर विसंबण्यासारखं फारसं काही नसतं. सकाळी आपल्याला तर त्याच खालच्या आकड्यांशी काम असतं. दुसरी जात फ्यूल सेलची. त्यात प्लॅटिनमच्या विद्युत्अग्रांवर अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल होतं आणि त्यातून जो प्रवाह निघतो तो मोजला जातो. ॲसिटोनला तो दाद देत नाही. रस्त्यावर पोलिसांच्या हातात असतात ती यंत्रं साधारणपणे याच तत्त्वावर चालतात. घ्यायचंच असेल तर फ्यूल सेलचंच घ्या, याबाबत माझ्याकडे दुसरं मत नाही. युरोपात सर्वसामान्यांसाठीच्या यंत्रांना ईएन १६२८० हे वेगळं मानक आहे. खोक्यावर ते दिसलं तर निदान कुणीतरी यंत्र तपासलेलं आहे एवढं कळतं.

पण फ्यूल सेलही म्हातारा होतो. हे वाक्य मी प्रत्येक ग्राहकाला ऐकवतो, आणि बहुतेक जण मान डोलावून यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकतात. सेल सुकत जातो, त्याची संवेदनशीलता घटते, आणि घटलेली संवेदनशीलता म्हणजे कमी आकडा. चूक होते तीही धोक्याच्या बाजूला. म्हणून सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. म्हणजे ज्यातलं अल्कोहोल नेमकं माहीत आहे अशी हवा यंत्राला द्यायची आणि त्यानं दाखवलेला आकडा दुरुस्त करायचा. आमच्याकडे त्यासाठी एक तर सिलिंडरमधला प्रमाणित वायू असतो, किंवा ३४ अंश सेल्सिअसवर राखलेलं अल्कोहोलमिश्रित पाणी, ज्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. ३४ अंश हे तोंडातून बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान. घरी ग्लासातल्या दारूवर यंत्र धरून "चालतंय का बघू" असं करणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. त्यानं सेल इतका भरून जातो की पुढच्या कित्येक चाचण्या बिघडतात. मैफलीत यंत्र हातोहात फिरवून कुणाचा आकडा जास्त याची पैज लावतात, त्याचाही सेलवर हाच परिणाम. अशा रात्रीनंतर सकाळी त्या यंत्रावर विश्वास ठेवणं कठीण आहे. शिवाय घोट घेतल्या घेतल्या फुंकलेलं असतं, त्यामुळे त्या पैजेतले आकडेही तोंडातल्या दारूचेच. गाडीत ठेवलेलं यंत्र रात्रभर गारठलं असेल किंवा उन्हात तापलं असेल तर आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

पडद्यावरच्या शून्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच होतो. ताजं कॅलिब्रेशन झालेलं चांगलं फ्यूल सेल यंत्रही ०.०५ च्या आसपास अर्धा शतांश, म्हणजे ०.००५ इकडं-तिकडं होऊ शकतं. जुनं असेल तर जास्त. पुष्कळ यंत्रं ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण मुळात दाखवतच नाहीत, तिथं सरळ ०.०० छापतात. त्यामुळे ०.०० म्हणजे "काही नाही" असं नसून "मला दिसण्याइतकं नाही" असं असतं. आणि ०.०२ दिसलं, त्यात यंत्राची चूक मिळवली, गुणोत्तरामुळे कमी दिसणारे दहा टक्के मिळवले, तर ०.०३ फार लांब राहत नाही.

मर्यादेचं एकक हाही एक सापळा. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही सीमा घालतं, म्हणजे यंत्राच्या भाषेत ०.०३ टक्के. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ५० वर आणली. स्वीडन आणि नॉर्वेत २०. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, युटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून ०.०५. याशिवाय काही देश श्वासातलं प्रमाणच कायद्यात लिहितात: इंग्लंडात १०० मिलिलिटर श्वासाला ३५ मायक्रोग्रॅम. आता समजा कायद्याची सीमा लिटरभर रक्ताला ०.५ ग्रॅम आहे, आणि तुमचं यंत्र लिटरभर श्वासातले मिलिग्रॅम दाखवतंय. पडद्यावर ०.४० आलं. "०.५ च्या आत" म्हणून तुम्ही निघालात, तर रक्तात प्रत्यक्षात ०.८४ आहे. बहुतेक यंत्रांत एकक बदलता येतं, आणि बॅटरी काढल्यावर ते कारखान्यातल्या मूळ एककावर परत जाऊ शकतं. म्हणून आकड्याआधी त्याच्या शेजारची अक्षरं वाचा.

आणि हे सगळं कायद्याच्या रेषेबद्दल झालं. रेषेच्या आत म्हणजे सुरक्षित, असं कायद्यानं कधी म्हटलेलं नाही. प्रतिक्रियेचा वेग आणि लक्ष विभागण्याची क्षमता यांवर अगदी कमी प्रमाणातही परिणाम होतो. त्यात सकाळची आणखी एक गोष्ट असते, जी कुठलंच श्वासयंत्र मोजत नाही. रक्तातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतरच हँगओव्हर सगळ्यात जास्त जाणवतो. त्या अवस्थेत सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली की माणसं गाडी सरळ रेषेत ठेवायला चुकतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. वर झोपही अर्धीच झालेली असते, कारण दारूनं डोळा लवकर लागतो पण पहाटेची झोप तुटक होते. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्या लोकांची कामगिरी ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली होती. पडद्यावर ०.०० आणि डोळे चुरचुरतायत, डोकं ठणकतंय, हात किंचित थरथरतायत, तर मी अशा चालकाला ड्युटीवर सोडू नका असंच सांगतो. चाचणी उत्तीर्ण झाला तरी.

विमानचालन क्षेत्रानं हा प्रश्न कसा सोडवलाय ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेचा नियम म्हणतो की वैमानिकानं शेवटच्या पेयानंतर निदान ८ तास थांबायचं आणि शिवाय रक्तातलं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या खाली असायला हवं. भारतात थांबण्याची मुदत १२ तासांची आहे, आणि उड्डाणाआधीची श्वासचाचणी वेगळी. दोन्ही ठिकाणी तास आणि चाचणी एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. घरच्या वापरासाठी मी हेच सांगतो. आधी कागदावर हिशोब: काय प्यायलो, किती मिलिलिटर, कधी सुरू केलं, आणि उतरण्याचा दर ताशी १०, १५ नव्हे. त्यातून येणारी शून्याची वेळ ही सगळ्यात लवकर निघण्याची वेळ. त्या वेळी यंत्रात फुंकायचं, आणि तेव्हाही काही दिसलं तर थांबायचं. यंत्राचा शून्य आला पण हिशोबाची वेळ झाली नाही, तर हिशोब पाळायचा. वरच्या २४० मिलिलिटरच्या उदाहरणात नऊला प्यायला बसलेल्याची ही वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी एकची येते. ऐकून बहुतेक जण हसतात. पण सकाळी सातला जायचंच असेल तर या हिशोबाचा उपयोग आदल्या संध्याकाळी असतो, तेव्हा एक तर कमी प्यायचं किंवा सकाळची दुसरी सोय लावून ठेवायची. सकाळी सात वाजता, उशीर होत असताना, हातात यंत्र घेऊन केलेला विचार कुणाचाच सरळ नसतो.

फोनला जोडायच्या यंत्रांबरोबर ॲप येतं आणि ते "तुम्ही अमुक वाजता शुद्धीत याल" असं भाकीत करतं. ते भाकीत सरासरी दरावरच बेतलेलं असतं, तुमचं यकृत त्यानं पाहिलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फोनला जोडायच्या अशाच यंत्रांच्या एका विक्रेत्यावर कारवाई केली. अचूकतेचे दावे पुरेशा चाचण्यांशिवाय केले होते आणि त्यांतलं एक यंत्र प्रमाण कमी दाखवत होतं, असा आरोप होता. ग्राहकांचे पैसे परत करावे लागले.

काही जण विचारतात, सकाळी दोन-तीन तासांच्या अंतरानं फुंकून स्वतःचा दर काढता येईल का? चांगलं यंत्र आणि एकसारखी फुंकर असेल तर ढोबळमानानं येतो. दोन तासांत ०.०६ वरून ०.०३ वर आलात तर ताशी १५. पण त्यातही दोन्ही टोकांना यंत्राची चूक आहे, आणि शेवटी-शेवटी, २० च्या खाली, उतरण्याचा वेग मंदावतो. ही माहिती आणखी थांबायचं की नाही हे ठरवायला वापरा. "माझा दर वीस आहे" म्हणून रात्री एक ग्लास वाढवायला वापरणारे भेटतात, त्यांनी यंत्र विकून टाकलेलं बरं.

कायद्यासमोर या यंत्राची किंमत शून्य. पोलिसांच्या यंत्रावर जास्त आकडा आला तर "माझ्या यंत्रावर कमी आला होता" हा बचाव होत नाही. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फ्रान्सनं २०१२ मध्ये प्रत्येक गाडीत श्वासचाचणीचं साधन ठेवणं सक्तीचं केलं होतं, पण ते नसल्याबद्दलचा दंड कधी अंमलात आला नाही आणि २०२० मध्ये सक्तीही काढून टाकली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, पण यंत्र बाळगणाऱ्यांत ती वारंवार दिसते म्हणून लिहितो. आठवड्यातून दोन-तीन सकाळी यंत्र शून्याच्या वर दाखवत असेल, किंवा सकाळी हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावर थांबतात असं होत असेल, तर प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा, आणि रोज भरपूर पिणं होत असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्यानं झटके येऊ शकतात.

तुमच्या यंत्राचं म्हणाल तर त्यात कुठला सेन्सर आहे ते माहितीपत्रकात बघा. अर्धवाहक असेल तर त्याच्यावर आणखी खर्च करू नका. फ्यूल सेल असेल आणि वर्षभरात कॅलिब्रेशन झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या. तोवर फक्त कागदावरचा हिशोब वापरा, ताशी १० च्या दरानं.